गळपट्टीतला तांडेल

आजारपणानंतर माझा नवरा पहिलं वाक्य बोलला ते असं: "घाबरू नका, वारा पडलाय, पण नाव अजून आपलीच आहे."

आम्ही मिरजेत राहतो. समुद्र इथून घाटापलीकडे. उदयने जन्मात कधी वल्हं हातात धरलेलं नाही. कृष्णेच्या घाटावर नावेत बसायचं म्हटलं तरी तो दोन्ही हातांनी फळी धरून बसायचा. पण त्याच्या गळ्याभोवतीच्या पट्टीतून, अगदी त्याच्याच आवाजात, हे वाक्य खणखणीत बाहेर आलं आणि कित्येक आठवडे मुकं असलेलं आमचं घर हसायला लागलं. मी हसता हसता रडले. पट्टी बसवून देणारी अपर्णा खोत, उदयची स्पीच थेरपिस्ट, तिनेही चष्मा काढून डोळे पुसले. उदय मात्र आपल्या गळ्यातून दुसरंच कोणी खाकरलं असावं तसा दचकून बघत होता. तेव्हा मला वाटलं, आनंदाने बावरलाय बिचारा.

पक्षाघाताच्या झटक्यात उदयचा उजवा हात थोडा गेला आणि बोलणं जवळजवळ सगळं. याला वाचाघात म्हणतात. लोकांना वाटतं माणसाची अक्कल गेली. शेजारच्या काकू तर त्याच्याशी मोठ्याने आणि बोबडं बोलायच्या. शेवटी मी त्यांना घरी यायला बंदी केली. वाचाघातात विचार शाबूत असतो, शब्दही शाबूत असतात. विचारापासून जिभेपर्यंतची वाट तेवढी खचलेली असते. रोज खटपट केली तर मेंदू हळूहळू दुसरी पायवाट पाडतो, असं अपर्णा सांगायची. पण ती पडेपर्यंत माणसाने पाणी तरी कसं मागायचं? म्हणून पट्टी.

या पट्ट्या दोन हजार एकेचाळीस साली नुकत्याच बाजारात आल्या होत्या. माझं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे डब्यातला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची मला खोड आहे. बोलायचं मनात आणलं की मेंदूकडून गळ्याच्या स्नायूंना एक क्षीण विद्युत संदेश जातो. आवाज फुटला नाही तरी तो जातोच. पट्टी तो टिपते. पण वाचाघाताच्या माणसाचा संदेश तुटका असतो, एखादं अक्षर, एखादा अर्धा शब्द. बाकीचं वाक्य पट्टी अंदाजाने पुरं करते. हा अंदाज ती त्या माणसाच्या जुन्या बोलण्यावरून बांधते. त्याची ध्वनिमुद्रणं जितकी जास्त, तितकी ती त्याच्यासारखी बोलते.

इथेच आमची गाडी अडली होती. घरात माणूस काय बोलतो ते कोण मुद्रित करून ठेवतं? लग्नाच्या व्हिडिओत उदय फक्त "हो, हो" म्हणतो, तेही भटजींना. माझ्या फोनमध्ये त्याचे निरोप होते ते सगळे "येताना कोथिंबीर आणू का" या जातीचे. तेव्हा रत्नागिरीहून बशीरचा फोन आला. "वहिनी, अहो आवाज काय शोधताय? वीस वर्षांचे रविवार माझ्या टेबलावर पडलेत की!"

बशीर मुकादम हा उदयचा कॉलेजातला मित्र. बंदरावर नावांची इंजिनं दुरुस्त करण्याचा त्याचा कारखाना आहे. त्याचं टेबल म्हणजे लाकडाचं नव्हे, पडद्यावरचं. हे लोक कॉलेजात असल्यापासून भूमिकांचा एक खेळ खेळतात. एक जण सूत्रधार होतो आणि गोष्ट रचत जातो: समोर खाडी आहे, पलीकडे किल्ला आहे, आता काय कराल? बाकीचे एकेक पात्र घेतात आणि त्या पात्राच्या तोंडून सांगतात काय करणार ते. जमलं की फसलं ते फासा ठरवतो. पोटापाण्यासाठी पांगल्यावर त्यांनी हा खेळ पडद्यावर आणला. तिथे नकाशा पसरता येतो, सोंगट्या हलवता येतात, फासे टाकता येतात, आणि प्रत्येक रविवारचं बोलणं आपोआप साठत जातं. बशीर कायम सूत्रधार. उदय कायम येसू तांडेल, म्हणजे नावेचा म्होरक्या. आमची इरा आठवीत असताना हट्टाने त्यांच्यात शिरली आणि पाकोळी नावाची चोर मुलगी झाली. मी आपली आतून ओरडायची, "तुमचं राज्य वाचवून झालं असेल तर जेवायला या."

तर वीस वर्षांचे ते रविवार पट्टीला पाजले, आणि पट्टी बोलायला लागली.

सुरुवातीला फार बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू. उदय भाजीवाल्याशी बोलला, बँकेत बोलला. बोलणं जरा भारदस्त असायचं. "आज कोणती भाजी करू" विचारलं तर "जे मिळेल ते वाटून खाऊ." मी म्हणायची, आजारपणाने माणूस संत झाला. आधी हाच माणूस दोडका बघून ताटावरून उठायचा.

मग इराला दिवस गेल्याची बातमी आली. ती नॉर्वेत बर्गनला असते. तिचा नवरा सौमित्र समुद्रातल्या पवनचक्क्या सांभाळतो, सलग पंधरा पंधरा दिवस तिकडेच. डॉक्टरांनी इराला विमानप्रवासाला साफ मनाई केली होती आणि झोपून राहायला सांगितलं होतं. म्हणजे बाळंतपणाला लेकीने माहेरी यायचं सोडून माहेरालाच उठून तिकडे जायला हवं होतं. मी गेले तर अर्ध्या वर्षाआधी परत येणं नव्हतं. कोल्हापूरला वाचाघाताच्या लोकांसाठी एक निवासी केंद्र आहे, चांगलं आहे, मी जाऊन बघून आले. अपर्णाही म्हणाली, उदयला तिथे ठेवलं तर उपचारात खंड पडणार नाही.

पण त्याला विचारल्याशिवाय काही ठरवायचं नाही, असं आम्ही मायलेकींनी ठरवलं होतं. इराने पडद्यावरून विचारलं, "बाबा, आई इकडे आली तर तुला चालेल का रे?"

उदयचे ओठ हलले. मानेची शीर ताठ झाली. आणि पट्टी बोलली, "तुम्ही निघा. मागचं मी सांभाळतो."

इराला भरून आलं. "बघ ना आई, बाबा किती खंबीर आहे!"

मला मात्र राग आला. बायको अर्धं वर्ष परदेशी जाणार, आणि या माणसाने पाहुण्याला वाटेला लावावं तसं 'निघा' म्हणावं? निदान नाक तरी मुरडावं. मी त्या दिवशी त्याच्याशी धड बोलले नाही. तोही पुढचे दिवस विचित्रच वागत होता. पट्टी काढून टाकायचा, चमचा आपटायचा, आणि मी दुकानात निघाले की चपला घालून माझ्या मागे. दिवसभर गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसून राहायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, साहेबांचं मन रमतं वाटतं दुकानात. मलाही तसंच वाटलं.

"जाण्याआधी एक खेळ व्हायलाच हवा," इराने फर्मान काढलं. "आजारानंतर बाबा एकदाही खेळलेला नाही."

अडचण बशीरची होती. त्याच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लागोपाठ झाली होती आणि पडद्याकडे बघायला बंदी होती. बोलू शकत होता, पण टेबल चालवू शकत नव्हता. "वहिनी," तो म्हणाला, "सूत्रधार तुम्हीच व्हा. मी या वेळी हकीम होऊन मागे बसतो."

"मी? मला तुमचा फासा कुठल्या बाजूने वाचतात ते ठाऊक नाही."

"औषधाच्या दुकानात दोन हजार गोळ्यांचा हिशोब डोक्यात ठेवता, आणि चार सोंगट्या जमणार नाहीत? काय हो वहिनी!"

तर मी शिकले. बशीर रत्नागिरीत डोळ्यांवर पट्टी बांधून फोनवरून सांगायचा आणि मी मिरजेत डोळे फाडून करायची. आधी टेबलावर खोली उघडायची आणि सगळ्यांना तिचा दुवा पाठवायचा. मग नकाशा चढवायचा. त्यावर टेबलाचे चौकोन बसवायचे, आणि ते नकाशाच्या चौकोनांवर तंतोतंत बसले पाहिजेत, नाहीतर सोंगटी उभी राहते किनाऱ्यावर आणि टेबल म्हणतं बुडाली. मग धुकं. नकाशाचा जो भाग खेळाडूंनी अजून पाहिलेला नाही त्यावर धुकं पसरून ठेवायचं आणि ते जातील तसं दूर करायचं. मी पहिल्यांदा ते अख्ख्या नकाशावर इतकं पसरलं की मलाच काही दिसेना. दुसऱ्यांदा खजिना चुकून उघड्या थरावर ठेवला आणि इरा बर्गनमधून किंचाळली, "आई, आम्हाला सगळं दिसतंय!"

उदय शेजारी बसून बघायचा. माझी बोटं चुकली की डाव्या हाताने माझं मनगट धरून योग्य बटणावर न्यायचा. एकही शब्द न बोलता तो मला जेवढं शिकवून गेला तेवढं बशीरच्या तासाभराच्या व्याख्यानात नव्हतं. मला ते दिवस फार आवडले.

"आणि नियम एकच लक्षात ठेवा," बशीर शेवटी म्हणाला. "बोललेलं झालं. टेबलावर तोंडातून निघालं की ते घडलं. मागे घेणं नाही. वीस वर्षांत कोणाला मागे घेऊ दिलेलं नाही मी, उदयलाही नाही."

रविवारी संध्याकाळी आम्ही बसलो. इकडे मी आणि उदय जेवणाच्या टेबलाशी शेजारी शेजारी, पडद्यावर पलंगावर रेललेली इरा, आणि बशीरचा नुसता आवाज. गोष्ट माझीच होती, साधीच: तांडेल, पाकोळी आणि हकीम एका बेटावर अडकले आहेत आणि भरती चढते आहे. पट्टी पडद्यावरच्या टेबलाला जोडलेली होती. येसू तांडेल बोलू लागला आणि इरा टाळ्या पिटायला लागली. तोच आवाज, तीच ऐट.

सूत्रधाराच्या पडद्यावर खाली एक पट्टा असतो. कोण काय बोललं ते त्यात अक्षरांत उमटतं. माझ्या लक्षात आलं की इराच्या आणि बशीरच्या ओळी ठळक काळ्या आहेत, पण उदयच्या ओळी पुसट करड्या. मला वाटलं, घातला काहीतरी घोळ.

"बशीरभाई, उदयची अक्षरं फिकी का दिसतायत हो?"

"ते होय? लबाडी पकडायला असतं ते. मध्यंतरी काही पोरं स्वतः न खेळता यंत्राला बोलायला लावायची. म्हणून माणूस बोलला ते काळं आणि यंत्राने जुळवलं ते फिकं, असं टेबल दाखवतं. फक्त सूत्रधाराला हं. उदयला पट्टी आहे, तेव्हा त्याचं फिकं दिसणारच. सोडून द्या."

मी सोडून दिलं. गोष्ट पुढे नेली. तिघे धावत काळखडकापर्यंत आले, नाव समोर होती, पण लाटा तिला खडकापासून लांब ओढत होत्या. "कोणीतरी नावेचा दोर ओढून धरला तरच बाकीचे चढतील," मी माझ्याच गोष्टीत रंगून म्हटलं. "जो दोर धरेल तो मागे राहील. काय कराल?"

उदयचे ओठ हलले. मानेची शीर ताठ झाली.

"तुम्ही निघा," पट्टी बोलली. "मागचं मी सांभाळतो."

"वा!" बशीर ओरडला. "येसू तांडेल तो येसू तांडेलच! प्रत्येक वेळी हाच मागे राहतो, लेकाचा!"

इरा हसत होती, रडत होती. माझे डोळे पट्ट्यावर खिळले. ते अख्खं वाक्य फिकं होतं. त्यात काळा शब्द एकच होता. मी.

हेच वाक्य. अक्षर न अक्षर हेच. बाळंतपणाला जाऊ का विचारलं तेव्हाचं.

मग मला सगळं लख्ख कळलं. आम्ही पट्टीला उदय शिकवलाच नव्हता, येसू तांडेल शिकवला होता. वीस वर्षं दर रविवारी जो शूर माणूस उदयच्या आवाजात बोलत होता तोच आमच्या घरात राहायला आला होता. तोच दोडका खात होता, तोच बायकोला निरोप देत होता. आणि माझा उदय, जो नावेत फळी धरून बसतो, तो आत कुठेतरी एकटा ओरडत होता आणि आम्ही वरच्या आवाजाला टाळ्या देत होतो. मी वळून बघितलं. त्याने डाव्या मुठीत माझ्या ओढणीचं टोक गच्च धरलं होतं.

"थांबा," मी म्हटलं. "हे घडलेलं नाही."

"वहिनी, नियम..."

"नियम बोललेल्याला आहे ना? हा बोललेलाच नाही अजून."

मी उदयच्या गळ्यातली पट्टी सोडली आणि बाजूला ठेवली. खाली त्याची कातडी लाल झाली होती. "उदय," मी म्हटलं, "मी सूत्रधार आहे. तुझी पाळी आहे. लागेल तेवढा वेळ घे."

त्याने तोंड उघडलं. काहीच आलं नाही. पुन्हा उघडलं. गळ्यातून नुसता घरघर आवाज. इराला राहवेना, "बाबा, तुला म्हणायचंय की..."

"इरा, गप्प बस."

ती गप्प बसली. बशीरही. माझ्या तोंडात दहा शब्द तयार होते, एकेक करून त्याच्या हातात ठेवावेत असं वाटत होतं. मी दात आवळून बसले.

"मी," उदय म्हणाला. मग कितीतरी वेळाने, "प...ण."

"कुठे रे?" मी विचारलं. "नावेत?"

त्याने मान हलवली. नाही. त्याचा डावा हात नकाशावरून वर गेला आणि पडद्यावरच्या इराच्या चेहऱ्यावर थांबला. "ति...कडे." त्याला घाम फुटला होता. "ए...कटा. नको. भी... भीती."

एवढं धडधडीत सत्य आमच्या लग्नाच्या पंचवीस वर्षांत तो पहिल्यांदा बोलला असेल. मी त्याचं डोकं छातीशी धरलं. बशीर तिकडे नाक ओढत होता. डोळ्यांत औषध घातलंय म्हणून, असं त्याने न विचारताच सांगितलं.

"मला वाटलं तुलाच यायचं नाहीये," इरा हुंदक्यांतून म्हणाली. "मला वाटलं तुला काही वाटतच नाही. पण बाबा, इथे मराठीतून शिकवणारं कोणी नाही रे. अपर्णाताई पडद्यावरून शिकवेल, पण ते तिथल्यासारखं नाही होणार. बोलणं उशिरा येईल. आणि आई एकटी आम्हा दोघांचं काय काय करेल?"

"माझं मी बघेन," मी म्हटलं, आणि लगेच जीभ चावली. तांडेल मलाही चावला होता. "नाही. एकटीला नाही झेपणार मला. सौमित्रला सांग, सुटीचं बघ म्हणावं. आणि बोलणं उशिरा आलं तर उशिरा येईल. आम्ही थांबू."

मग बशीरने घसा साफ केला. कुठल्याही परिस्थितीत खेळ अर्धवट सोडणं त्याच्या रक्तात नाही. "ते सगळं ठीक आहे, वहिनी. पण भरती चढतेय. तांडेल चालला नावेत. मग दोर कोण धरणार? हकीम म्हातारा, पाकोळी दोन जिवांची."

गोष्ट मीच रचली होती, पण कोणीतरी मागे राहणारच असं धरून. बशीर स्वतःच्या म्हाताऱ्या हकिमाला खडकावर ठेवायची तयारी करू लागला, तर उदय माझ्या खांद्यावरून डोकं उचलून नकाशाकडे बघत होता. त्याने बोटाने खडक दाखवला.

"बां," तो म्हणाला. "बां...धा."

"काय बांधा?"

"दोर." त्याने खडकावर बोट गोल फिरवलं. "च...ढा. मग," आणि हाताची सुरी करून हवेत एक वार केला, "का...पा."

बशीरला दिसत नव्हतं, म्हणून मी मोठ्याने उलगडून सांगितलं. दोर खडकाला बांधायचा. सगळ्यांनी चढायचं. आणि मग नावेतूनच कापून टाकायचा.

"अरे," बशीर हळूच म्हणाला, "वीस वर्षं हा माणूस मागे राहतोय आणि एकालाही हे सुचलं नाही?"

शूर माणसाला ते सुचणारच नव्हतं. ते भित्र्या माणसाला सुचलं, ज्याला कोणालाच मागे ठेवायचं नव्हतं, स्वतःलाही नाही. मी फासा टाकायचंही विसरले. तिन्ही सोंगट्या उचलून नावेत ठेवल्या आणि समोरचं सगळं धुकं एकदम पुसून टाकलं.

उदय नकाशाकडे बघत नव्हता. तो इराकडे बघत होता, उत्तराची वाट बघत. इराने गालावरचे केस मागे सारले.

"बाबा," ती म्हणाली, "ये तू."

"येतो," उदय म्हणाला, आणि तो शब्द कुठेही अडकला नाही.